पायरीच्या काठावरची टाच

मी एक जुनी पायरी आहे. आमच्या बेटावरची सिंगातोका नदी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या एका गावात मेरेसेनी नावाच्या बाईच्या दारापुढे मी तीस वर्षे बसून आहे. माझ्या वरच्या बाजूला आणखी दोन पायऱ्या आहेत, पण त्या साध्या लाकडाच्या. दर काही वर्षांनी कुजतात आणि बदलाव्या लागतात. मी वेसी नावाच्या टणक झाडाची आहे. वेसीचे लाकूड पाण्याला आणि वाळवीला भीक घालत नाही.

मित्रांनो, वादळात पडलेल्या झाडातून मेरेसेनीच्या वडिलांनी मला वाकसाने तासून काढले. म्हातारा भारी चिकाटीचा. त्यांचा नातू, म्हणजे मेरेसेनीचा मुलगा नेतानी, तेव्हा नुकता पावले टाकू लागला होता. त्याच्या पायाला लागू नये म्हणून त्यांनी माझा काठ आठ दिवस घासून गोल केला. येणारेजाणारे माझ्यापाशी चपला काढत आणि म्हणत, "ही पायरी आपल्या सगळ्यांना पुरून उरेल." ते ऐकून मी फुगत असे. खोटे कशाला बोलू?

नेतानी मोठा झाला आणि गावातला सर्वांत वेगवान गडी ठरला. आमच्याकडे सात जणांचे रग्बी म्हणजे जीव की प्राण. गावाच्या संघाला शिकवायला त्याचा मामा साकिउसा होता. तो पोरांना अनवाणी पायांनी वाळूच्या टेकड्यांवर पळवी. वाळूत टाच खोल रुतते आणि पोटरीला टाचेशी बांधणारी ती मागची जाड शीर प्रत्येक पावलाला ताणली जाते. मामाला एवढेच ठाऊक होते की जो वाळूवर पळाला तो गवतावर उडतो.

एका सकाळी नेतानी खांब धरून, तिरका तिरका खाली उतरला. चोवीस वर्षांचा गडी, आणि चाल सत्तरीची. दहा मिनिटे अंगणात फिरला तशी टाच मोकळी झाली आणि तो हसत पळायला गेला. या दुखण्याचा कावा हाच आहे. सकाळी ते खरे बोलते आणि अंग तापले की गप्प बसते.

आमच्याकडे बहीण भावाच्या तोंडावर उलट बोलत नाही. म्हणून मामा अंगणात आला की मेरेसेनी कोंबडीशी बोले.

"काय गं, पोरगं सकाळी बदकासारखं चालतं, ते काही लोकांना दिसत नाही वाटतं? नुसता जिल्ह्याचा कपच दिसतो?"

लेकी बोले सुने लागे. मामाही काही कमी नव्हता. तो खांबाकडे बघून म्हणाला, "संध्याकाळी घोड्यासारखं पळतं, ते कोंबडीला कुठून दिसणार? ती तेव्हा झोपलेली असते."

मग शीर सुजली. नेतानीने पंधरा दिवस आराम केला. गावातल्या मालिशवाल्या आजीने खोबरेल तेल चोळले. दुखणे गेले. तो पुन्हा वाळूवर गेला आणि चौथ्या दिवशी पुन्हा लंगडत आला. असे तीनदा झाले. तशातच राष्ट्रीय संघाच्या निवड शिबिराचे पत्र आले. शिबिराला चार महिने होते. मेरेसेनीने ते पत्र बायबलमध्ये ठेवले.

दर गुरुवारी शहरातून वासीती नावाची फिजिओ गावच्या दवाखान्यात येत असे. मेरेसेनीने तिला हाताला धरून घरी आणले. ती माझ्यावरच बसली, नेतानीचा पाय मांडीवर घेतला आणि टाचेच्या वर चार बोटांवरची जागा चिमटीत धरली. तो कळवळला.

"इथे गाठ आली आहे," ती म्हणाली. "आराम केलास, दुखणं गेलं, पळालास. हो ना?"

"मग काय करायचं होतं, वासीतीताई? दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं ना?"

"नाही रे बाबा. दुखणं सगळ्यात आधी जातं आणि ताकद सगळ्यात शेवटी येते. मधल्या दिवसांत तू मूर्खपणा करतोस. नुसतं पडून राहून ही शीर कधी मजबूत होत नाही आणि एकदम ताणलीस तर फाटते. तिला रोज थोडं थोडं ओझं द्यायचं."

"शिबिर हुकेल का?"

"बारा आठवडे माझं ऐकलंस तर नाही हुकणार."

तिने त्याला माझ्या काठावर उभे केले. चवडे माझ्यावर, टाचा हवेत. दोन्ही पायांवर वर व्हायचे, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच काठाखाली सावकाश, अगदी सावकाश उतरवायची. पंधरा वेळा, असे तीन फेर, सकाळ-संध्याकाळ. थोडे दुखले तरी चालेल. पण दुसऱ्या सकाळी आखडणे वाढले तर समजायचे की काल जास्त झाले.

खरे सांगते, मला या सगळ्याचा वीट आला. मला धावणारे पाय हवे होते, चिखलाचे बूट हवे होते. हे काय, रोज नव्वद वेळा तोच चवडा आणि तेच कण्हणे! सहाव्या आठवड्यात त्याने पाठीवर कसाव्याच्या कंदांनी भरलेली पिशवी घेतली तेव्हा तर मी मनातल्या मनात वासीतीला शिव्या घातल्या. पण आठव्या आठवड्यात एक दिवस तो खांबाला हात न लावता सरळ खाली उतरला. पूर्ण टाच माझ्यावर टेकली. वासीतीने त्याला गवतावर, एक दिवसाआड, हळू पळायची परवानगी दिली.

त्याला वाटले, आपण जिंकलो. एक दिवसाआडच्या जागी तो सलग तीन दिवस पळाला. चौथ्या सकाळी त्याने पुन्हा खांब धरला. घरात कोणी पाहिले नाही. मी पाहिले.

त्याच दुपारी गावातली वडीलधारी मंडळी आली. आमचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोहोचला होता आणि एका खेळाडूचा खांदा निखळला होता. माझ्याभोवती चपलांचा ढीग पडला. एवढी मोठी माणसे आपल्या दारी, म्हणून मी सकाळचा खांब विसरले आणि फुगले. मंडळी चटईवर बसली. मामाने यांगोना या मानाच्या पेयाच्या मुळांची जुडी पुढे ठेवली आणि गावाच्या वतीने मागणे मागितले. आमच्याकडे त्या मुळांना हात लावून टाळी वाजवली की शब्द दिला गेला, आणि समोर ठेवलेली मुळे कोणी परत पाठवत नाही. मेरेसेनी दाराशी मान खाली घालून बसली होती. तिथे कोंबडी नव्हती.

नेतानीने मुळांना हात लावला. मग पोकळ तळव्यांची टाळी ऐकू आली.

सामना मी पाहिला नाही. पाहणारे सांगत की चेंडू घेऊन तो तिसरे पाऊल टाकतो न टाकतो तोच थांबला आणि मागे वळून पाहू लागला. कुणीतरी टाचेवर लाथ मारली असे त्याला वाटले. मागे कोणी नव्हते. शीर तुटली होती. गावाने कप जिंकला, पण परतताना लॉरीत कोणी गायले नाही. मामाने त्याला पाठीवर घेऊन घरात नेले. त्या दिवशी नेतानीचा पाय मला लागलाच नाही.

शस्त्रक्रिया झाली, मग प्लास्टर, मग टाचेखाली पाचर घातलेला मोठा बूट. शिबिर आले आणि गेले. निवडलेल्यांची नावे रेडिओवर लागली तेव्हा मेरेसेनीने उठून तो बंद केला.

शस्त्रक्रियेनंतर तेरा महिन्यांनी तो माझ्या काठावर त्या एका पायावर उभा राहिला आणि एकदा, थरथरत, टाच वर उचलू शकला. एकदाच. तेवढ्यात मामा आला. त्याच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुडी होती.

"शनिवारी एक गडी कमी आहे," तो खाली बघत म्हणाला. "गावाने पाठवलं, म्हणून आलो."

"मामा, ती घरात आणू नका. आणलीत तर मला हात लावावाच लागेल. माझी टाच अजून तयार नाही."

मामा माझ्यावर बसला आणि जुडी पायांमागे सरकवली. "बरं झालं बोललास," तो म्हणाला. "तेव्हा मी तुला विचारलंच नव्हतं रे. नुसती आणून ठेवली होती." आणि तो म्हातारा तोंड झाकून रडला.

नेतानी आता पळतो, पण गावापुरता. निवडीचे वय निघून गेले. मला राहून राहून वाईट वाटते की त्या सकाळी त्याची अर्धवट टेकलेली टाच फक्त मला कळली होती आणि दुपारी मी चपला मोजत बसले. मित्रांनो, सकाळचे तुमचे पहिले पाऊल दुखले, तर ते कुणाला तरी सांगा. मी लाकूड आहे, मला सांगता आले नाही. तुम्हाला तोंड आहे.