पहिला शब्द

मंगळवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी ईमेलला उत्तर आलं. चार ओळींचं. त्यात नकार नव्हता, पण होकारही नव्हता.

"चिपला जाग यायला दहा मिलिसेकंद, हा आकडा कुठून आला? तुम्ही मोजलात, की दुसऱ्या चिपच्या फाईलमधून उचललात?"

वायरताईंनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर घेतला आणि मजकूर परत वाचला. आकडा उचललेलाच होता. त्याच कंपनीची थोरली चिप, तिच्या फाईलमध्ये दहा होतं. धाकटीलाही दहा पुरतील असं त्या धरून चालल्या होत्या.

"घ्या! याला तिथे बसून बरं कळलं," त्या फोनवर लेकीला म्हणाल्या.

"आई, तू रिटायर होतेयस की जॉइन?" लेक म्हणाली. "शुक्रवारी संपतंय ना सगळं?"

"तोच तर घोळ आहे."

अंधशाळेत त्या बावीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होत्या. नेमणूक परीक्षानळ्या धुण्यासाठी झाली होती. पण ब्रेल टाइपरायटरची अडकलेली कळ, बंद पडलेला टेपरेकॉर्डर, घंटेचं बटण, जे बिघडेल ते त्यांच्याकडे यायचं. वायरताई हे नाव मुलांनी ठेवलं, आणि हजेरीपट सोडला तर दुसरं नाव कुणी वापरत नसे.

तीन वर्षांपूर्वी शाळेला बारा वाचनडब्या देणगीत मिळाल्या. प्रत्येकीच्या पोटात पत्त्यांच्या जोडाएवढा एक संगणक. बटण दाबलं की डबी पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायची आणि पुढच्या बटणाची वाट बघायची. हेडफोनच्या वायरींत मुलांचे पाय अडकायचे, डब्या टेबलावरून खाली यायच्या. म्हणून बिनवायरचे हेडफोन आणले. तेव्हा कळलं की बोर्डावर ब्लूटूथची चिप आहे, पण कर्नलच्या लेखी ती नाहीच. कर्नल म्हणजे संगणकाच्या आतला मुख्य कारभारी. त्याच्या यादीत ज्याची नोंद नाही, त्याला तो दारात उभं करत नाही. यूएसबीला लावलेली वस्तू स्वतःची ओळख स्वतः सांगते. ही चिप बोर्डावरच, सीरियल नावाच्या जोडणीच्या चार बारीक रेघांनी जोडलेली. तिची ओळख कुणीतरी लिहूनच द्यावी लागते. कर्नलमध्ये घालायच्या अशा ओळींना 'बदल' म्हणतात, आणि तो बदल वायरताई लिहायला बसल्या.

तोवर वायरताईंनी एक तात्पुरती युक्ती काढली होती. रोज सकाळी आठला प्रत्येक डबीपुढे बसून नऊ पायऱ्यांनी चिप हाताने जागी करायची. त्या पायऱ्या मोठ्या अक्षरांत लिहून त्यांनी भिंतीवर चार टाचण्यांनी लावल्या होत्या. तो कागद वाचून ते काम करणारं दुसरं कुणी कधी सापडलं नाही. दर अपडेटनंतर पायऱ्या बदलायच्या, ते वेगळंच.

"बाई, शुक्रवारनंतर हे मंतर कोण घालणार?" मुख्याध्यापिकांनी त्या मंगळवारी विचारलं. "तुमच्या जागी माणूस मिळत नाहीये. मी तीनदा लिहून पाहिलं."

"बदल कर्नलमध्ये गेला की मंतर लागणार नाही, मॅडम. पुढच्या अपडेटमधून आपोआप येईल. डबी चालू केली की झालं."

"कधी जाईल?"

"राखणदार हो म्हणाला की."

कर्नलचा ब्लूटूथचा भाग ज्या माणसाच्या देखरेखीखाली होता, त्याला वायरताई राखणदार म्हणत. तो कुठल्या देशात राहतो, तरुण आहे की म्हातारा, त्यांना माहीत नव्हतं. दोनदा त्याने त्यांचा बदल परत पाठवला होता. पहिल्यांदा ओळी चुकीच्या जागी होत्या, दुसऱ्यांदा एकाच पत्रात दोन कामं घातली होती. आज सकाळचं उत्तर तिसऱ्या खेपेला आलेलं.

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर कपाट आहेच," वायरताई म्हणाल्या. त्या कपाटात देणगीतलं काय काय बंद पडून जाऊन बसलंय, हे दोघींनाही ठाऊक होतं.

दुपारी त्या विणकामाच्या खोलीत गेल्या. तिथले मास्तर मुलांना खुर्च्या विणायला शिकवत. स्वतः जन्मापासून आंधळे. नवा बदल घातलेली एक डबी महिनाभर त्यांच्याकडे होती.

"मास्तर, डबी कशी आहे?"

"खरं सांगू? जाताजाता तुमचं मन मोडायचं नव्हतं म्हणून गप्प होतो."

"आता मोडा."

"शब्द खाते. प्रत्येक वेळी नाही, पण परिच्छेदाचा पहिला शब्द जातो. काल म्हणाली, 'कळलं आणि तो दचकला.' कुणाला कळलं? राजाला की चोराला, ते तुमच्या डबीलाच ठाऊक!"

वायरताई खुर्चीच्या नुसत्या सांगाड्यावर बसायला निघाल्या होत्या, त्या उभ्याच राहिल्या. "मी तर तास तास ऐकलंय. एकदाही अडखळली नाही."

"काय ऐकलंत?"

"गाणी."

मास्तर हसू लागले. "गाणं कुठे मध्येच थांबतं, वायरताई!"

खरंच होतं. गाणं सुरू असताना चिपला डुलकी घ्यायला सवडच मिळत नाही. परिच्छेद संपला, डबी गप्प बसली, की चिप झोपते. बटण दाबलं की कर्नल तिला हलवतो आणि दहा मिलिसेकंदांत बोलायला लागतो. चिप अजून डोळे चोळत असते. बावीस वर्षं न पाहणाऱ्या मुलांत काढली आणि चाचणी घेतली ती गाण्यांवर. वायरताईंचे कान तापले.

बुधवारी त्यांनी पाच डब्या तयार केल्या. दहा, पंधरा, वीस, पंचवीस, तीस. पाचही मास्तरांपुढे ओळीने मांडल्या.

"कुठली कोणती ते मला सांगू नका," मास्तर म्हणाले. "नाहीतर कान लबाडी करेल."

"सांगत नाहीच. प्रत्येकीचं बटण शंभर वेळा दाबायचं, मध्ये दहा सेकंद थांबून."

"म्हणजे जेवणाची सुट्टी गेली."

"गेली."

मास्तरांनी वेताच्या कापट्यांचा, कापून उरलेल्या तुकड्यांचा, ढीग जवळ ओढला. खाल्लेल्या प्रत्येक शब्दाला एक कापटी बाजूला. वायरताई शेजारी बसून नुसतं बटण मोजत होत्या. तिसऱ्या डबीला मास्तर म्हणाले, "ही शहाणी आहे." चौथीला आणि पाचवीला त्यांचा हात ढिगाकडे गेलाच नाही. साडेचारला टेबलावर पाच ढीग होते: तेवीस कापट्या, नऊ, एक, आणि दोन रिकाम्या जागा.

वायरताईंनी राखणदाराला तेवढंच लिहिलं. आकडा उचलला होता, चूक माझी. पाच आकडे, प्रत्येकी शंभर वेळा, ऐकणाऱ्याला कोणता आकडा ते माहीत नव्हतं. पंचवीसला शब्द गेला नाही. थोडी सवड म्हणून तीस ठेवते आहे. ऐकणारे खुर्च्या विणतात.

गुरुवारी दुपारी उत्तर आलं. "या चिपच्या माहितीपत्रकात हा आकडा कुठेच नाही. आता निदान एका ठिकाणी असेल. ज्यांनी ऐकलं त्यांचं नाव चाचणी करणारे म्हणून घाला आणि पुन्हा पाठवा. माझी हरकत नाही. सीरियलचा भाग दुसऱ्या एकाकडे आहे, त्याचं मत येऊ दे."

"माझं नाव?" मास्तर म्हणाले. "मी काय केलं? कापट्या टाकल्या."

"पूर्ण लागतं, मास्तर. वडिलांच्या नावासकट सांगा."

मास्तरांनी सावकाश सांगितलं. एकोणीस वर्षांच्या ओळखीत त्यांच्या नावातल्या मधल्या अक्षराचं पुढे काय होतं, हे वायरताईंनी कधी विचारलं नव्हतं.

"राहील कुठे ते?"

"बदलांच्या नोंदीत. तिथून कुणी खोडत नाही."

"आणि बघणार कोण?"

"तुम्ही तर नाहीच."

मास्तर इतके हसले की दारापाशी विणत बसलेल्या मुलींचे हात थांबले. वायरताईंनी त्या ओळीखाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, हजेरीपटातलं, आणि पाठवून दिलं.

शुक्रवारी चार वाजता निरोप झाला. मॅडम थोडकं बोलल्या, मुलांनी जास्त. त्यानंतर वायरताई प्रयोगशाळेत आल्या. बाराही डब्यांत त्यांनी नवा बदल हाताने घातला होता. पुढचं अपडेट येईपर्यंत तो टिकणार होता. त्या अपडेटच्या आत कर्नलमध्ये त्याची नोंद झाली तर ठीक, नाहीतर अपडेट तो पुसून टाकणार. एक डबी त्यांनी बंद करून पुन्हा चालू केली. भिंतीकडे बघितलं नाही. वीस सेकंदांनी हेडफोन आपणहून जोडला गेला.

मग त्या भिंतीवरच्या कागदाकडे गेल्या. तीन टाचण्या काढून खिशात टाकल्या. चौथीवर हात ठेवला आणि ती राहू दिली. कागद एका कोपऱ्यावर तिरका लटकत राहिला.

पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांनी बदलांच्या यादीचं पान शेवटचं उघडलं. त्यांच्या बदलापुढे एक होकार होता. दुसऱ्या जागी, सीरियल सांभाळणाऱ्याच्या, अजून काही लिहिलेलं नव्हतं.