माफीचा अंक

मी एक जुनी सायक्लोस्टाईल मशीन आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेले नसेल. तुमच्या शाळेत आज झेरॉक्स आहे, पण तुमच्या आजोबांचे परीक्षेचे पेपर माझ्याच बहिणींनी छापले. मेण लावलेल्या पातळ कागदावर लोखंडी टोकाने अक्षरे कोरायची, तो कागद माझ्या पोटावर ताणून बसवायचा, शाई भरायची आणि हँडल फिरवायचे. एका फेरीला एक पान बाहेर पडे.

मूल गावातल्या एका शाळेचे माझ्यावरून मन उतरले, तेव्हा मी वनस्वर गायन मंडळाच्या खोलीत आले. राईस मिलच्या मागे ही खोली. दर गुरुवारी तिथे गाणे चाले आणि महिन्यातून एकदा मंडळाचे वार्तापत्र निघे. मजकूर सचिव मुखरूभाऊ लिहीत. हार्मोनियम वाजवणारे कमरुद्दीनभाऊ माझे हँडल फिरवत. त्यांच्या बोटांची शाई हार्मोनियमच्या पांढऱ्या पट्ट्यांना लागे आणि मुखरूभाऊ चिडत. कोणत्या गावी कार्यक्रम झाला, कोणाचा आवाज बसला, रोवणीची, म्हणजे भातलावणीची, कोणती गाणी नव्याने मिळाली, सारे त्यात असे. अंक पार सावली गावापर्यंत जाई. ताज्या शाईचा वास घेत लोक म्हणत, मशीन मोठी गुणाची आहे. मला ते खरे वाटे.

मंडळात सगळ्यांत गोड गळा सुगंधाबाईंचा. एका वर्षी गडचिरोलीच्या स्पर्धेत, भर मंचावर, अर्ध्या गाण्यात त्या थांबल्या आणि मुकाट खाली उतरल्या. मंडळ हरले. जे मंडळ जिंकले, त्याने त्यांना आधी बोलावणे धाडले होते, हे सगळ्यांना ठाऊक होते. मुखरूभाऊंनी रागाच्या भरात पहिल्याच पानावर लिहिले, की सुगंधाबाई फितूर झाल्या.

"भाऊ, एकदा बाईले तं विचारा," कमरुद्दीनभाऊ म्हणाले.

मुखरूभाऊंनी विचारले नाही. हँडल फिरले आणि ते पान मी घरोघर जाण्यासाठी छापून दिले.

नागपूरच्या डॉक्टरांनी सुगंधाबाईंच्या घशातली गाठ काढली, तेव्हा खरे काय ते कळले. गाणे गेले ते कायमचेच. बोलण्यापुरता घोगरा आवाज उरला. मुखरूभाऊ त्यांच्या अंगणात जाऊन रडले. पुढच्या अंकाचे पहिले पान त्यांनी माफीने भरले, आणि तेही मीच छापले. सुगंधाबाईंनी दोन्ही अंक चुलीत घातले. विषय संपला, म्हणाल्या. पुढे त्या दर गुरुवारी येऊन टाळ धरत. नव्या पोरींचा सूर चुकला, की नुसती मान हलवत.

वर्षे गेली. मुखरूभाऊ वारले. कॉम्प्युटर आला आणि माझ्या अंगावर सतरंज्या पडल्या. मला तेल घालावे असे कोणाला वाटले नाही.

गेल्या हिवाळ्यात नवा सचिव निकेश याने जुन्या अंकांची पेटी उघडली. खालचे गठ्ठे उधईने, म्हणजे वाळवीने, खाल्ले होते. उरलेल्या पानांचे त्याने मेहनतीने फोटो काढले, ते इंटरनेटवर चढवले आणि मंडळाच्या ग्रुपवर लिंक टाकली. सगळ्यांनी वाहवा केली. सुगंधाबाईंची सून मंजुषा त्यांना जुने अंक वाचून दाखवू लागली. आपण कशा गात होतो, हे ऐकताना बाई लहान मुलीसारख्या हसत, असे ती सांगायची.

मग ते पान आले. मंजुषा वाचता वाचता थांबली. तोवर कोणीतरी त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला होता आणि खाली हसरे चेहरे लावून विचारले होते, या आपल्याच बाई का?

गुरुवारी सुगंधाबाई खोलीत आल्या, पण खाली बसल्या नाहीत.

"निकेश, ते पान काढून टाक, बाबू."

"काकू, जुनं जसं आहे तसंच ठेवा लागते. निवडून काढलं तं मंग तो इतिहास कायचा?"

कमरुद्दीनभाऊ म्हणाले, की पुढच्याच अंकात माफी होती. निकेश लगेच म्हणाला, की तो अंक आणून द्या, आत्ता टाकतो. तो खोटे बोलत नव्हता. पण तो अंक उधईच्या पोटात गेला होता.

म्हाताऱ्या कमरुद्दीनभाऊंनी गावोगाव विचारले. सावली गावात एका घरी जुना अंक आहे असे कळले, म्हणून ते मोठ्या आशेने गेले. तो फितुरीचाच निघाला. माफीचा अंक कोणी जपून ठेवला नव्हता.

शेवटी त्यांनी सारी हकीकत ग्रुपवर लिहिली. एकाने पुरावा मागितला. तासाभरात वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली ती दिसेनाशी झाली. मग ती छापून काढायला ते माझ्याकडे आले, सतरंज्या बाजूला केल्या आणि माझे हँडल धरले. ते जागचे हलले नाही. माझे रबर तडकले होते. निकेशने सांगितले, की मंडळाचा पुढचा कार्यक्रम आटोपला की इंटरनेटवर त्या पानाखाली एक टीप टाकू. कार्यक्रम केव्हाच आटोपला. टीप अजून नाही.

सुगंधाबाई टाळ परत करायला आल्या, तेव्हा खोलीत कमरुद्दीनभाऊ एकटेच होते.

"गळा गेला तवा मी रडली नाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "पण मी मेल्यावर माहे नातवंडं तेच पान वाचतीन."

त्यानंतर त्या आल्या नाहीत.

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, असे मी म्हणणार नाही. माझे आयुष्य झाले. पण जुने कागद चारचौघांपुढे मांडायला निघाल, तेव्हा त्यात ज्यांची नावे आहेत त्यांच्यापैकी कोण हयात आहे ते आधी पाहा, आणि त्यांच्या दारात जाऊन बसा. विचारायला एक संध्याकाळ पुरते. मुखरूभाऊंनी ती दिली नाही, निकेशनेही दिली नाही. आणि दोघांपैकी एकही माणूस वाईट नव्हता.