हातातलं मशीन

शिवणमशीन दुरुस्त करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत ती नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखायची. नवऱ्याच्या हाताची राखण म्हणूनच तिनं आपल्याकडे घेतली.

त्याच्या मूत्रपिंडांनी केव्हाच दगा दिला होता. डायलिसिससाठी डॉक्टरांनी डाव्या मनगटाशी धमनी शिरेला जोडली होती. तिथं कान लावला की रक्ताची घरघर ऐकू यायची. ती आहे तोवर सगळं ठीक. उजव्या हाताचा जोड आधीच बंद पडला होता. आता हीच शेवटची जागा.

रोज सकाळी तो बाही सारायचा. "काय कारागीर, मशीन चालू आहे ना?"

"पळतंय हो! तुमच्यापेक्षा बरं काम करतंय."

पुढं आवाज बारीक होत गेला, शिट्टीसारखा. ती हरखलीच. मशीन वेगात पळालं की सूर चढतोच की! "अहो, आता तर गायला लागलंय," ती म्हणाली, आणि दोघं पोटभर हसली. एवढी हुशार बाई, पण तेव्हा अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे!

मग एका सकाळी कान लावला, तर सामसूम.

"काकू, शीर बिचारी नाजूक," डॉक्टर म्हणाले. "तिला कापलं, जोडलं, वर धमनीचा जोर सोडला. तो मार सोसायला ती आतून जाड होते आणि वाटच बुजते. वाट अरुंद झाली की रक्त जोरात पळतं, आवाज बारीक होतो. तसा झाला होता का? तेव्हाच आला असतात तर वाट मोकळी करता आली असती."



"झाला होता," नवरा म्हणाला. "ही रोज डोकं खायची, दाखवून या म्हणून. मीच टाळलं."

धादांत खोटं बोलला. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

डायलिसिससाठी आता गळ्यातल्या शिरेत नळी घालून त्याला घरी पाठवलं. ती किती टिकेल ते सांगता येत नाही म्हणाले, आणि पुढं काय, ते कुणीच बोललं नाही.

दुसऱ्या सकाळी ती त्याच्या जवळही जाईना. त्यानंच बाही सारली. "या कारागीर."

"नका ना हो."

"ऐक तर."

तिनं कान लावला. आत काहीच नव्हतं. आणि एकदम घरघर आली, पहिल्यासारखी, भरदार. तिनं झटकन मान वर केली तर तो एका हातानं गळ्यातली नळी सांभाळत, ओठ मिटून, घशातून आवाज काढत होता.

"चालू आहे ना?" त्यानं विचारलं.

"चालू आहे," ती म्हणाली, आणि त्याच्या मनगटात तोंड खुपसून ढसाढसा रडली.