सूतभर वाकडं

डॉक्टरांचं बोलणं सुताराच्या बायकोच्या डोक्यातून जात नव्हतं. "कोपर पूर्ण वाकतं, पूर्ण सरळ होतं, कामाला हात कमी पडणार नाही. पण हा बाक वाढीबरोबर जाणार नाही. आठवड्याने दुसरा एक्स-रे काढला असता, तर प्लास्टरमध्ये हाड सरकलेलं तेव्हाच दिसलं असतं."

दोन वर्षांपूर्वी लेक झोपाळ्यावरून पडली, तेव्हा तो एक्स-रे नवऱ्यानेच टाळला होता. ती स्वतः आजारी आईपाशी अडकलेली, आणि तो म्हणाला होता, "बोटं हलतायत, दुखत नाही. उगाच कशाला खेटे घालायचे?"

लेकीला घेऊन ती तशीच त्याच्या कारखान्यात शिरली. नवरा चौकटीत बसवलेल्या नव्या दाराला गुण्या लावून काटकोन तपासत होता आणि कारागिराला फैलावर घेत होता. "सूतभर वाकडं आहे. सगळं खोल आणि पुन्हा जोड."

तिने डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. गुण्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "हाताने काम होतंय ना? मग झालं तर."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने ते दार उघडलं आणि धाडकन लावलं.

"उघडतंय, लागतंय. मग झालं तर. द्या असंच पाठवून."

"असंच कसं पाठवू?" तो उसळला. "लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात ते हिला विचारा," ती म्हणाली.

लेकीने तोवर डावा हात पाठीमागे लपवला होता.