न विरणारा फेस

फेस अजून तसाच होता. पांढरा, बारीक बुडबुड्यांचा, भांड्याच्या कडेला चिकटून बसलेला... फ्लशच्या बटणावर बोट ठेवून ती उभी राहिली आणि दाबायचं सोडून बघतच राहिली. बाहेरच्या खोलीत नवरा जोर काढत होता आणि एकटा असूनही मोठमोठ्याने मोजत होता.

लग्न झाल्यापासून ती सांगत आली होती, की उठताना बटण दाबत जा. पण तो पडला शाळेतला व्यायामशिक्षक. त्याने शिट्टी फुंकली की अख्खं मैदान गप्प व्हायचं, असल्या माणसाने घरात बटण दाबायचं म्हणजे काय! 'मग तू कशाला आहेस?' म्हणायचा. निवृत्त झाला, शिट्टी खिळ्याला लागली, पण हे काही सुटलं नाही. तीच दाबायची. आणि म्हणून तर हे तिला दिसलं, गेला महिनाभर रोज दिसत होतं.

हा फेस तिच्या ओळखीचा होता. वडिलांच्या आजारपणात माहेरी जायची तेव्हा तिने तो स्वतः उपसला होता – आधी हा न विरणारा फेस, मग सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज, मग मोजे काढले तरी घोट्यावर राहणारे खोल वळ... मूत्रपिंडं गळायला लागली आहेत, लघवीतून प्रथिनं चालली आहेत, असं डॉक्टर म्हणाले. थोडं आधी आणलं असतं तर सावरता आलं असतं, असंही म्हणाले. परत आल्यावर तिने हे नवऱ्याला सांगितलं, तेव्हा त्याचे मित्र बसले होते. 'ऐकलंत का, आमचे सासरेबुवा साबण खातात वाटतं!' सगळे खो खो हसले. मीसुद्धा हसले – हेच तर आजवर गिळता आलेलं नाही – पाहुण्यांसमोर बरं दिसावं म्हणून स्वतःच्या बापाच्या मरणावर दात दाखवून हसले.

तिने बटण दाबलं. फोन वाजत होता, मुलीचा.

"बाबा कसे आहेत गं?"

"ठणठणीत. त्यांना काय धाड भरलीय?"

खोटं बोलताना जीभ अडखळेल असं तिला पहिल्यांदा वाटलं होतं. आता छान सवय झाली होती. तसं सांगणारच होते की मी! त्याने एकदा विचारू दे, फक्त एकदा म्हणू दे, 'अगं, जरा बघतेस का...' मग सांगेन, हात धरून दवाखान्यात नेईन, अळणी रांधेन, सगळं करीन. तोवर गळत्येय ते गळू दे.

दुपारी ती भाजी चिरत होती आणि आतून पाण्याचा आवाज आला. तिची सुरी थांबली. थोड्या वेळाने पुन्हा तोच आवाज... दुसऱ्यांदा! ती उठून गेली, तर भांडं लख्ख, आणि तो हात पुसत दारात.

"काय बघतेस?"

"काही नाही. आज बटण दाबलंत?"

"नाही दाबलं तरी ओरडतेस, दाबलं तरी पंचाईत!"

पण नजर चुकवली त्याने. तिला सगळं कळलं – ह्याने पाहिलंय, ह्याला सासरा आठवलाय, स्वतःचा तो विनोदही आठवला असणार, आणि म्हणूनच फेस जाईपर्यंत पाणी सोडतोय मेला. मरेल, पण विचारणार नाही. त्याच्या सुजलेल्या पापण्या इतक्या जवळून तिने पाहिल्या आणि ती खरोखरच एक पाऊल पुढे झाली. चला, आत्ताच डॉक्टरकडे जाऊ... शब्द ओठांवर आले होते.

"भाजीत मीठ किती ओततेस हल्ली?" तो म्हणाला. "पाय सुजलेत माझे तुझ्या पायी. तुझ्या माहेरासारखं रोगट करायचंय का मला?"

ओठांवरचे शब्द तिने गिळून टाकले. तो वळला तशी ती आत शिरली, टाकीखालचा नळ घट्ट आवळला, बटण दाबून टाकी रिकामी केली, कोपऱ्यातली बादलीही उचलून बाहेर आणली. मग पुन्हा भाजीपाशी येऊन बसली. उरलेली भाजी तिने बारीक, एकसारखी चिरली.

चहानंतर तो आत गेला. बटणाचा कोरडा खट्ट ऐकू आला. मग पुन्हा. मग खट्ट, खट्ट, खट्ट...

"ए! पाणी नाहीये आत!"

ती हलली नाही. दार उघडून तो सरळ बाहेर आला असता, तर मागे ते दिसायला राहिलं असतं. म्हणून तो अडकून पडला होता, ज्याच्या एका शिट्टीला मैदान गप्प व्हायचं तो.

"अगं..." आवाज इतका बारीक की तिला आधी तो शेजारचा वाटला. "ऐकतेस का? जरा इकडे ये ना. मला... हे जरा बघतेस का?"

आलं. इतक्या वर्षांनी आलं. आता उठायचं, जायचं, सांगायचं, ठरलं होतं तसं. ती पाय उचलले जायची वाट बघत राहिली. घशात काहीतरी गोड उतरेल असं वाटलं होतं, ते उतरलं खरं. पण नुसतं चाखल्यासारखं, आणि भूक आणखीच खवळली. त्याने पुन्हा हाक मारावी, अजून बारीक आवाजात मारावी, असं तिला वाटू लागलं, आणि तिला स्वच्छ कळलं की एकदाने आपलं भागणार नाही.