उजेडाकडे वळलेला चेहरा

हेडफोनच्या उजव्या बाजूचा स्पंज फाटला होता आणि त्या फाटीतून कुणाच्यातरी पावडरचा शिळा वास येत होता – तिच्याआधी या खुर्चीत बसून कुणी हसून गेलं असेल, कुणी भांडून गेलं असेल, कुणी नुसतीच साबणाची जाहिरात म्हणून गेलं असेल... तिने स्पंजाचं टोक बोटाने आत दाबलं. ते हट्टी पोरासारखं परत बाहेर आलं.

काचेपलीकडे दिग्दर्शक होता आणि त्याच्या शेजारी यंत्रावर रेकॉर्डिस्टबाई. बाईंना सर्दी झाली होती. बोलण्याआधी त्या नाक ओढत, ते तिच्या दोन्ही कानांत घुमत होतं.

"ताई, पडद्यावर तुम्ही दिसाल. टिकटिक थांबली की सुरू करा."

"रडायला?"

"हो. रुमाल लागला तर सांगा, आज माझ्याकडे ढीग आहे."

ती हसली. हसताना गळा किती सुटा आहे ते तपासून घेतलं – सवयच ती.

रडणं तिला नवीन नव्हतं. रंगमंचावर, पडद्यावर, नवऱ्यासाठी, मुलासाठी, कधी नुसत्या टाळीसाठी ती इतकं रडली होती की रडण्याला तिच्या घरची वाट पाठ झाली होती. पण आजचं रडणं आधीच रडून झालेलं होतं. आज फक्त त्याला आवाज द्यायचा होता... तिचंच रडणं, तिचाच आवाज, आणि तरी परक्याच्या घरी आल्यासारखी ती खुर्चीच्या कडेवर बसली होती.

त्या दिवशी चित्रीकरणाच्या जागी ती आरशासमोर तयार होऊन बसली असताना दादाचा फोन आला होता. दादा मुळातच कमी बोलणारा. "आई गेली," एवढंच म्हणाला. आणि तेवढ्यात दाराशी कुणीतरी म्हणालं, चला, शॉट लागलाय. ती उठली. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळे थांबले असते आणि सगळे थांबल्यावर ते खरं झालं असतं – नंतर तिने स्वतःची अशी समजूत घातली, पण त्या वेळी तर पाय आपसूक चालले होते. बंद घराच्या पायरीवर नुसतं बसायचं, एवढाच प्रसंग. तिने बसायचं आणि कॅमेऱ्याने बघायचं. ती बसली... आणि ते आतून आलं. संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्यांमध्येच ती म्हणाली, मला गाडी द्या, घरी जायचंय.

घरी मात्र काही आलं नाही. रडू माहेरी यायचं सोडून भलत्याच दारी जाऊन बसलं होतं. वहिनी पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिली, "रडून घ्या हो, मोकळ्या व्हा," आणि ती आईच्या रिकाम्या पलंगाकडे बघत कोरडी उभी. शेवटी दादा म्हणाला – आवाज न चढवता, पाण्याचा पेला मागावा तसा – "तिला कॅमेरा आणून द्या कुणीतरी."

तेव्हापासून बोलणं नाही.

म्हणून तर हा प्रसंग तिने जपून ठेवला होता. वहिनीला फोनवर सांगितलं होतं, त्याला सिनेमा बघायला आण, त्यात मी पायरीवर रडते ना, ते आईसाठीच आहे. वहिनीचा काल उलट फोन आला. "येतील हे. हो म्हणाले नाहीत, पण तिकिटं काढते म्हटल्यावर गप्प बसले. त्यांचं गप्प बसणं म्हणजे होच की." अंधारात बसून दादा बघेल. त्याला कळेल. त्याला सांगावं लागणार नाही...

टिकटिक झाली. पडदा उजळला.

पायरीवर एक बाई. ही मी? खांदे आईचे आहेत. बाईचं तोंड उघडलं, मिटलं, हनुवटी थरथरली – आणि मग, रडण्याच्या ऐन मध्यावर, त्या बाईने चेहरा हळूच डावीकडे वळवला. डावीकडे उजेड होता. गालावरचं पाणी चमकलं.

ती आवाज द्यायचा विसरली.

"परत लावा," ती म्हणाली. परत लागलं. बाईने परत चेहरा वळवला. किती नेमका... तसूभरही जास्त नाही, कमी नाही. इतक्या वर्षांच्या कामाने हाडात मुरलेली ती वळण्याची कला. आई गेल्याचं ऐकून अर्धा तास झाला नव्हता, आणि मी उजेड शोधत होते?

लहानपणी एकदा गुडघा फुटला तेव्हा ती भोकाड पसरून आधी आरशाकडे धावली होती. आई शिवण बाजूला ठेवून म्हणाली होती, "रडतेस की बघतेस गं?" दोन्ही, असं म्हणायला हवं होतं. पण आई हसत होती.

"ओठ जुळत नाहीयेत का?" दिग्दर्शकाने बटण दाबून विचारलं.

"ती का वळते?"

"अगं, तिथेच तर सगळी गंमत आहे. उजेड बरोबर गालावर येतो."

दादाला डोळे आहेत. बोलत नसला तरी दिसतं त्याला सगळं. तो बघेल, उठेल, आणि वाटेत वहिनीला म्हणेल, बघितलंस?

"त्या दिवशीचा आवाज ऐकव मला."

"त्यात काही नाहीये बाई. जनरेटरची घरघर आहे नुसती."

"असू दे."

काचेपलीकडे तो क्षणभर घुटमळला, मग त्याने मान हलवली. रेकॉर्डिस्टबाईंनी नाक ओढलं, काहीतरी फिरवलं, आणि कानांत घरघर भरली. त्या घरघरीच्या तळाशी एक आवाज होता. बेढब. मध्येच अडकणारा, उचकीसारखा, मांजराचं पिलू कुठेतरी फटीत सापडावं तसा. असा आवाज तिने उभ्या आयुष्यात कुठल्याच भूमिकेला दिला नव्हता, कुणी मागितलाही नसता. ती दोन्ही हातांनी हेडफोन दाबून बसली.

मग त्या आवाजावर दिग्दर्शकाचा आवाज आला – हलका, मायेचा: "बाई, जरा डावीकडे... उजेडाकडे."

आणि रडण्यातूनच तिचा स्वतःचा, आज्ञाधारक: "हं."

मग परत उचकी.

घरघर थांबली. तर मी शोधला नव्हता उजेड. मला सांगितलं होतं. हे बरं, की हे जास्त वाईट? आई गेलेली, आणि मी हं म्हटलं...

"मला माहीत नव्हतं गं तेव्हा," दिग्दर्शक म्हणाला.

"ठाऊक आहे. लावा आता."

तिने आवाज दिला. पहिल्याच खेपेला. हुंदका ओठांवर चपखल बसला, वळणाच्या जागी श्वास बारीक झाला, शेवट विरत गेला. सुरेख झालं. ते सुरेख झालंय हे तिला चालू असतानाच कळत होतं. दिग्दर्शकाने काचेआड डोळे पुसले.

"ओके," तो म्हणाला. "संपलं."

रेकॉर्डिस्टबाईंनी नाक ओढलं. "ताई, तो जुना आवाज उडवते हं. घरघरच आहे, उगाच जागा अडवतो."

"थांबा."

दोघांनी काचेतून बघितलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. तो आवाज दादाला पाठवला तर? दादा डोळ्यांपुढे होता – कानाला फोन लावून, भुवया आवळून, तो घरघरीच्या तळाशी ऐकतोय... उचकी ऐकेल, आणि मग ते हं पण ऐकेल. कापून टाकता येईल तेवढं, चार शब्द आणि एक हुंकार, बाईंना काय, एका बोटाचं काम. कापलेलं दादाला पटेलही. सकाळी तिला तेवढंच तर हवं होतं – त्याला पटायला हवं होतं. आता ते पटणं कुठेतरी मागे, पायरीवर राहून गेल्यासारखं वाटत होतं, आणि त्याच्या जागी जे आलं होतं त्याला ती घाबरली: त्याने ते हं ऐकावं, असं तिला वाटत होतं. उचकीपेक्षाही ते हं.