मऊ लाकडाचा ओटा

वखारवाला घड्याळाकडे बघत होता, कारण ती घड्याळाकडे बघत होती. तिने समोरच्या तिन्ही फळ्यांवर पाण्याचा एकेक थेंब सोडला होता.

“ताई, एवढं तर डॉक्टरही तपासत नाहीत.”

“डॉक्टर तपासत नाहीतच. आम्ही तपासायचो,” ती म्हणाली.

रुग्णालयाच्या रक्ततपासणी प्रयोगशाळेत तिची सव्वीस वर्षं गेली होती. निवृत्तीला चार वर्षं उरली असताना तिने नोकरी सोडली. कंटाळा आला, असं सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही, नवऱ्यानेही नाही. ते सोयीचं झालं.

बाभळीवरचा थेंब मण्यासारखा तसाच उभा होता. सागावरचा जरा पसरला होता. पाइनवरचा चार मिनिटांत नाहीसा झाला.

“हे बाद,” तिने पाइनच्या फळीला नख लावून पाहिलं. नखाची खूण राहिली. “ह्याचा ओटा केला तर वर्षात गोधडी होईल त्याची.”

“मला तेच बरं वाटतंय,” नवरा म्हणाला.

“का?”

“रंग चांगला आहे.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. ह्या माणसाने लग्नात कुठल्या रंगाचा सदरा घातला होता, ते त्याला फोटो बघून सांगावं लागे.

“तिन्हींचे तुकडे द्या,” ती वखारवाल्याला म्हणाली. “घरी तपासते.”

“द्या, द्या,” नवरा म्हणाला. त्याने आणि वखारवाल्याने एकमेकांकडे पाहिलेलं तिच्या नजरेतून सुटलं नाही.

घरचा दगडी ओटा धडधाकट होता. कुठे चीर नाही, डाग नाही. तीस वर्षांत मिठाची बरणी कुठल्या फळीवर असते हे माहीत नसलेला नवरा दोन महिन्यांपूर्वी एकदम म्हणाला होता, आपण लाकडाचा ओटा करून घेऊ.

“दगडाला काय झालं?”

“गार लागतो.”

“तुम्हाला कुठे लागतो? कधी हात तरी लावलाय?”

“डोळ्यांना लागतो,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला. ती हसली नाही.

एखादा निकाल विचित्र आला की कारणांच्या शक्यता एकाखाली एक लिहायच्या, ही तिची जुनी सवय. पहिली शक्यता, वखारवाल्याकडे न खपलेला पाइन पडून आहे आणि नवऱ्याने भिडेपोटी शब्द दिला आहे. दुसरी, ह्याला घर विकायचं आहे, आणि गिऱ्हाइकाला लाकूड दाखवायला बरं. तिसरीची जागा तिने रिकामी ठेवली. पण काहीतरी होतं खास. हल्ली तो चहा घ्यायलाही स्वयंपाकघरात येई. पूर्वी खुर्चीतून हाक मारायचा, आता दारात येऊन उभा राही.

“काही हवंय का?”

“नाही, सहज.”

सहज काही करणाऱ्यांतला तो नव्हता. आणि त्याने दारात उभं राहणं तिला परवडणारं नव्हतं.

त्याचं कारण कपाटात, थंडीच्या कांबळ्यांच्या मागे, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात होतं. वर्षभरापासून तिचा उजवा हात थरथरत होता. कप उचलताना काही होत नसे, ठेवताना होई. शेवटची चार बोटं अंतर उरलं की हात तिचं ऐकत नसे, आणि कप दगडावर आपटे. निळ्या रेषेचे सहा कप होते. पहिला फुटला तेव्हा तिने ठिकऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून भाजी आणायला जाताना कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकल्या, आणि येताना तसेच अर्धा डझन कप विकत आणले. एक फुटला की एक बाहेर काढायचा. फळीवर कायम सहा. खोक्यात तिच्या हिशेबाने आता दोन उरले होते. प्रयोगशाळेत नळीच्या टोकाशी लोंबणारा थेंब हलायला लागला, त्या आठवड्यात तिने राजीनामा लिहिला होता. घरातून राजीनामा द्यायची तिची तयारी नव्हती.

तिने तिन्ही तुकड्यांवर पेन्सिलीने आकडे घातले. चहाचे थेंब, तेल आणि ओला लोखंडी चमचा असं रात्रभर ठेवून दिलं. सकाळी पाइन तिन्हींत नापास. चहाचं तपकिरी कडं तर पुसून पुसूनही जाईना. शेरा लिहायला तिने तुकडा उलटा केला, तर मागच्या बाजूला पाच-सहा बारीक खोचा होत्या. सगळ्या सारख्या, नखाच्या कोरीएवढ्या, वाकड्या.

वापरलेलं लाकूड! पहिली शक्यता सिद्ध झाल्यासारखं तिला वाटलं. जरा बरंही वाटलं. नवरा अंघोळीला गेल्याचं बघून तिने तुकडा पिशवीत घातला आणि थेट वखार गाठली.

“जुना माल नवा म्हणून खपवता?” तिने तुकडा त्याच्यापुढे पालथा ठेवला.

वखारवाल्याने चष्मा लावला, खोचांवरून बोट फिरवलं आणि तो हसायला लागला. “हे आमचं नाही हो ताई. ही साहेबांची कारागिरी. त्याच फळीतून कापून दिला बहुतेक मी तुकडा. माझंच चुकलं.”

“कसली कारागिरी?”

“तुम्हाला बोलले नाहीत?” तो घुटमळला. मग बोलायचा मोह त्याला आवरला नाही. “महिना झाला असेल. एकटेच आले होते. पिशवीत कप. पांढरे, निळ्या रेषेचे. म्हणाले, जरा तिन्ही फळ्या मांडता का. मी मांडल्या. मग एकेका फळीवर कप टाकत बसले.”

“टाकत?”

“टाकत म्हणजे फेकून नाही. असे.” त्याने समोरचा पाण्याचा पेला उचलला, फळीच्या जवळ आणला, आणि चार बोटं अंतर उरल्यावर थांबला. “इथून सोडायचे. प्रत्येक फळीवर दहादा. कागदावर खुणा करत होते. बाभळीवर दोन फुटले, सागावर एक. ह्याच्यावर एकही नाही, नुसत्या खोचा पडल्या. मी विचारलं, साहेब, घरात लहान मूल आहे का? म्हणाले, नाही.”

“आणखी काय म्हणाले?”

“काही नाही. झाडू मागितला. मी म्हटलं पोऱ्या झाडेल, तर ऐकेनात. ठिकऱ्या स्वतः वेचल्या, कागदात गुंडाळून घेऊन गेले.”

ती पेल्याकडे बघत होती. वखारवाल्याचा हात अजून तिथेच थांबला होता, बरोबर चार बोटांवर. एवढं अचूक मोजायला माणसाला किती दिवस दारात उभं राहावं लागलं असेल, ह्याचा अंदाज तिला होता. तिने उजवा हात पिशवीखाली घेतला.

“पाइनच द्या,” ती म्हणाली.

“काल तर बाद म्हणालात.”

“काल तपासणी पुरी झाली नव्हती.”

घरी आली तेव्हा नवरा वर्तमानपत्र घेऊन खुर्चीत बसला होता. ती आत गेली. कपाट उघडून कांबळी बाजूला केली आणि खोका उघडला. दोन असायला हवे होते. पाच होते. तिने पुन्हा मोजले. मग खोका बंद करून कांबळी होती तशी लावली.

तिने चहा ठेवला. पातेल्याचा आवाज ऐकून तो उठला असावा. दारात आला तेव्हा पाइनचा तुकडा ओट्यावर होता, सुलटा, चहाच्या कड्यासकट.

“काय ठरलं मग?” त्याने विचारलं.

“हेच घेऊ.”

“का?”

“डाग कमी पडतात ह्याच्यावर.”

सव्वीस वर्षांत तिने एकही खोटा निकाल दिला नव्हता. त्याने तुकड्याकडे पाहिलं. तपकिरी कडं त्याच्या बोटाखालीच होतं.

“हो,” तो म्हणाला. “कमीच दिसतात.”

चहा उकळला. तिने दोन कप भरले. त्याने सवयीने हात पुढे केला.

“थांबा,” ती म्हणाली. “तुम्ही बसा. मी आणते.”

तो एक क्षण उभा राहिला, मग जाऊन खुर्चीत बसला आणि त्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. स्वयंपाकघरापासून खुर्ची अकरा पावलांवर होती. अकराही पावलं बशीत कप वाजत राहिला. कप तिपाईवर टेकेपर्यंत त्याने वर्तमानपत्र खाली घेतलं नाही.

मग घेतलं. कप बाजूला काढून ठेवला, आणि बशीत सांडलेला चहा आधी प्यायला.